ब्लॅकजॅकची मोजणी शिकून दर महिन्याला गोवा? आधी हा हिशेब बघा

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही साताऱ्याचे, वय बावीस. मेंढीकोटात कुठली पानं पडली ते तुमच्या चांगलं लक्षात राहतं, त्यामुळे ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात पानांची मोजणी जमेल असं वाटतंय. ती शिकायला किती दिवस लागतील, शिकल्यावर महिन्यातून एक शनिवार-रविवार गोव्यात खेळून खर्च वजा जाता पंधरा-वीस हजार सुटतील का, आणि सरावासाठी मोबाईलवर थोडे पैसे लावून खेळलं तर चालेल का.

मी मिरजेचा. परदेशी क्रूझ जहाजांवरच्या कॅसिनोत आधी डीलर होतो, नंतर टेबलांवर नजर ठेवणारा सुपरवायझर. पानं वाटणं आणि पानं मोजणारा गिऱ्हाईक ओळखून वर कळवणं, दोन्ही माझ्या नोकरीचे भाग होते. सुट्टीत स्वतः मोजूनही खेळलोय. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगतो.

मोजणी अवघड नाही. रोज तासभर बसलात तर महिना-दीड महिन्यात हात बसेल. पण मोजणीतून मिळणारा फायदा शंभर रुपयांमागं एखाद्या रुपयाचा असतो. तो टेबलाचे नियम, कर, प्रवासखर्च आणि तुमच्या खिशातली रक्कम यांच्यातून शिल्लक राहतो का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पुढं आकड्यांत देतो. आधी पद्धत. खेळ असा: पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची. एकवीस ओलांडले की फुटलात, म्हणजे हरलात. चित्रांची पानं दहाची, एक्का एकचा किंवा अकराचा.

मोठी पानं उरली की खेळणाऱ्याचा फायदा का होतो, हे कळल्याशिवाय मोजायला बसू नका. डीलरला डोकं चालवायची मुभा नसते. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं आणि सतरा झाले की थांबावं लागतं. गठ्ठ्यात दहा किमतीची पानं जास्त उरली असतील तर बारा ते सोळावर अडकलेला डीलर जास्त वेळा फुटतो. तुम्हाला मात्र तेराचौदावर थांबायची मोकळीक आहे. शिवाय पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान जमलं (यालाच ब्लॅकजॅक म्हणतात) की तुम्हाला दीडपट मिळतं, तेच डीलरला जमलं तर तुमची लावलेली रक्कम तेवढी जाते. डबल करायचं, म्हणजे रक्कम दुप्पट करून एकच पान घ्यायचं, तेव्हाही मोठं पान तुमच्या बाजूचं. उलट छोटी पानं डीलरला सोळाच्या खड्ड्यातून वर काढतात. त्यात पंजी सगळ्यात वाईट. एका कॅटमधून फक्त चार पंज्या काढून टाकल्या तरी सगळ्या खेळाचा कल बदलतो आणि जवळजवळ तीन टक्क्यांचा फायदा खेळणाऱ्याकडं येतो.

म्हणून हाय-लो पद्धतीत दुरीपासून छक्कीपर्यंतचं कुठलंही पान टेबलावर पडलं की एक मिळवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी आली तर काही करायचं नाही. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की एक वजा. पंजी, राजा, तिरी, छक्की, नव्वी, एक्का अशी पानं ओळीनं आली तर हिशेब अधिक एकवर येतो. एका कॅटमध्ये वीस पानं अधिकची, वीस उण्याची आणि बारा शून्याची, म्हणून पूर्ण कॅट संपला की उत्तर शून्यच यायला हवं. हार्वी डबनर या अमेरिकन अभियंत्यानं 1963 मध्ये ही मांडणी सुचवली. त्यानंतर कितीतरी गुंतागुंतीच्या पद्धती निघाल्या, पण नव्या माणसाला त्यांची गरज नाही. गोंगाटात अवघड पद्धत चुकीची वापरण्यापेक्षा सोपी बिनचूक वापरलेली जास्त कमावते.

तुमची मेंढीकोटातली सवय इथं थोडी आडवी येईल. तिथं चारही दश्श्या कुणाकडं गेल्या, हुकमाची किती पानं उरली, हे आपण एकेक धरून ठेवतो. इथं कुठलं पान गेलं हे लक्षात ठेवायचंच नाही. पान बघायचं, आकडा बदलायचा आणि पान विसरायचं. पाठांतर चांगलं असलेली मुलं सुरुवातीला मागं पडतात, कारण ती पानं आठवत बसतात.

पण मोजणीच्या आधी बेसिक स्ट्रॅटेजी पाठ हवी. तुमची कुठलीही दोन पानं आणि डीलरचं उघडं पान यांच्या प्रत्येक जोडीला काय करायचं, त्याचा हा तक्ता. 1956 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर तो पहिल्यांदा नीट काढला. पुढं एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं आयबीएम 704 संगणक वापरून खेळ जिंकता येतो हे दाखवलं आणि 1962 मध्ये ते पुस्तकरूपानं जगापुढं आलं. म्हणजे यात अंदाजाला जागा उरलेली नाही. सोळा आले आणि डीलरची सत्ती उघडी असेल तर पान घ्यायचं, कितीही भीती वाटली तरी. बारा असतील आणि डीलरपुढं चौरी, पंजी किंवा छक्की असेल तर थांबायचं. दुरी-तिरी असेल तर बारावरही पान घ्यायचं. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडायची, म्हणजे तिचे दोन वेगळे डाव करायचे, दहांची आणि पंज्यांची कधीच नाही. हा तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. तो पाळला तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्यावर येतो. मनाला येईल तसं खेळलात तर तो सहज दोन टक्क्यांच्या वर जातो आणि मग मोजणी करून उपयोग नाही. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक "मोजणारे" इथंच हरायचे. आकडा बरोबर, पान घेणं चूक.

आता सराव. एक कॅट घ्या, पिसा, एकेक पान उलटत मोजा. शेवटी शून्य येत नसेल तर पुन्हा. दोनचार दिवसांनी दोन-दोन पानं एकदम उलटा. राजा आणि पंजी शेजारी आले की दोघं मिळून शून्य, मोजायचंच नाही. वेग यातूनच येतो. मग एक पान न बघता बाजूला ठेवा आणि कॅट संपल्यावर ते मोठं, छोटं की मधलं ते सांगा. तीस सेकंदांच्या आत कॅट संपवून दर वेळी बरोबर उत्तर येईपर्यंत पुढं जाऊ नका. त्यानंतर मोबाईलवर गाणी लावून, घरच्यांशी बोलत तेच करा. टेबलावर वेग फारसा लागत नाही. तिथं मधेच कुणी "कुठून आलात?" असं विचारतं, तुम्ही "सातारा" म्हणता, आणि आकडा जातो. गणपतीत डॉल्बी चालू असताना आकडा टिकला तर तो कुठंही टिकेल.

पत्ते हाताशी नसले तर पोवई नाक्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या नंबरातला शेवटचा अंक घ्या. दोन ते सहा अधिक, सात ते नऊ शून्य, एक आणि शून्य वजा. यात अधिकचे अंक जास्त असल्यामुळे आकडा वाढतच जाईल, त्यामुळे उत्तर तपासता येणार नाही. नजर आणि डोकं एकत्र चालवायला मात्र हे चांगलं.

नवख्यांचं पुढचं अडतं ते भागाकारावर. कॅसिनोत एका कॅटचा खेळ क्वचित मिळतो. सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून शू नावाच्या खोक्यात ठेवतात. सहा कॅट म्हणजे 312 पानं. तुमचा आकडा अधिक सहा आहे, पण खोक्यात अजून पाच कॅट शिल्लक आहेत, तर ती सहा जादा मोठी पानं पाच कॅटांत पसरलेली आहेत. सहा भागिले पाच, म्हणजे एकच्या थोडं वर. तोच अधिक सहा दोन कॅट उरलेले असताना असेल तर तीन. या भागाकाराच्या उत्तराला ट्रू काउंट म्हणतात आणि पैसे लावायचे ते यावर. उरलेले कॅट किती हे वापरलेल्या पानांच्या ट्रेकडं बघून ओळखायचं. त्यासाठी घरी एक, दोन, तीन, चार कॅटांचे ढीग करून त्यांची उंची नजरेत बसवा. अर्ध्या कॅटपर्यंत अचूक ओळखता आलं की पुरे.

ट्रू काउंट एकनं वाढला की तुमचा फायदा साधारण अर्ध्या टक्क्यानं वाढतो. सुरुवात उणे अर्ध्यापासून, म्हणून अधिक एकवर बरोबरी, दोनवर अर्धा टक्का, तीनवर एक, चारवर दीड. एकच्या खाली असताना कमीत कमी रक्कम लावायची किंवा उठून जायचं, वर गेला की वाढवायची. शू चालू असताना बहुतेक वेळ आकडा तुमच्या विरुद्ध किंवा बरोबरीतच असतो. म्हणजे तासन् तास छोट्या रकमेवर हळूहळू हरत बसायचं आणि मोजक्या डावांत मोठी रक्कम लावून ते भरून काढायचं. हा खेळ असा कंटाळवाणा आहे हे आधी कुणी सांगत नाही.

तक्त्यापासून फारकत घ्यायच्या जागाही आहेत. नव्या माणसानं दोनच धराव्यात. डीलरचा एक्का उघडा असताना इन्शुरन्स विचारतात, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक असेल यावर वेगळी पैज. त्यात दुप्पट मिळतं, म्हणून त्याचं झाकलेलं पान दहाचं असण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त हवी. ताज्या सहा कॅटांत ती एकतीस टक्क्यांच्या आत असते, म्हणून एरवी इन्शुरन्स घ्यायचा नाही. ट्रू काउंट तीनच्या वर गेला तर घ्यायचा. दुसरी जागा सोळा विरुद्ध दहाची: काउंट शून्याच्या वर असेल तर थांबायचं.

आता टेबल निवडणं. हे मोजणीपेक्षा महत्त्वाचं मानतो. टेबलाच्या कापडावर छापलेलं वाचा. ब्लॅकजॅकला तीनास दोन देतात की सहास पाच? हजारावर दीड हजार मिळणार की बाराशे? ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे एकवीस हजार लावल्यावर तीनशे रुपये कमी, जवळपास 1.4 टक्के. तुमच्या मोजणीची सगळी कमाई त्याहून कमी असते, तेव्हा सहास पाचच्या टेबलावर बसूच नका. दुसरं, पिसायचं यंत्र सतत चालू आहे का बघा. प्रत्येक डावाची पानं लगेच परत यंत्रात जात असतील तर मोजायला काही उरतच नाही. तिसरं, रंगीत प्लास्टिकचं पान किती खोल खोचतात ते. ते आलं की पुन्हा पिसतात. आम्हाला सहापैकी दीड ते दोन कॅट मागं सोडायला सांगितलेलं असायचं, आणि कुणाचा संशय आला की आणखी मागं. अर्ध्यावरच पिसत असतील तर मोठा काउंट यायला वेळच मिळत नाही.

सुपरवायझर म्हणून मी काय बघायचो? सगळ्यांची पानं बघणारा, शू संपेपर्यंत न उठणारा माणूस. त्याहून जास्त, एकदम एक हजारावरून आठ हजारांवर जाणारी रक्कम. एरवी इन्शुरन्स नाकारणारा माणूस मोठी रक्कम लावली असतानाच तो घेतो, हे तर पक्कं लक्षण. मी वर फोन करायचो, वरचे कॅमेऱ्यातून त्याच्यासोबत मोजायचे, आणि तासाभरात निर्णय व्हायचा. मारझोड वगैरे सिनेमातली. नम्रपणे "तुम्ही बाकीचे खेळ खेळा, ब्लॅकजॅक नको" म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात, केवळ मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःहून माणसाला बाहेर काढता येणार नाही असा निकाल दिला. मग तिथले कॅसिनो लवकर पिसू लागले. अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात डोक्यात मोजणं गुन्हा नाही, पण त्यासाठी उपकरण वापरणं 1985 पासून गुन्हा आहे. तुम्ही कुठंही खेळा, फोन खिशातच ठेवा.

आता पैसे. समजा नियम चांगले आहेत, तीन चतुर्थांश शू वाटला जातो, कमीत कमी एक हजार आणि जास्तीत जास्त आठ हजार लावताय, आणि एकही चूक करत नाही. तर शंभर डावांमागं सरासरी कमाई एक ते दीड हजार. आणि शंभर डावांतली वरखाली पंचवीस-तीस हजारांची. एका शनिवार-रविवारी सातशे डाव खेळलात तर सरासरी सात ते दहा हजार, वरखाली सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे दहापैकी चार-साडेचार फेऱ्या तोट्याच्या, आणि एका फेरीत लाखभर जाणं हीही काही अघटित गोष्ट नाही. अशा साठ-सत्तर फेऱ्या केल्यावर, म्हणजे महिन्याला एक धरली तर पाच-सहा वर्षांनी, बिनचूक खेळणाऱ्या सहापैकी पाच जण पुढं असतील. सहावा तेव्हाही मागं.

इतकी वरखाली सोसायला आठ-दहा लाखांचं भांडवल लागतं, आणि ते गेलं तरी घर चालेल असं. तेच दहा लाख बँकेत सहा-सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला पाच-साडेपाच हजार झोपून मिळतात. सात ते दहा हजारांतून गोवा एक्सप्रेसचं तिकीट, दोन रात्रींची खोली, बोटीवरच्या कॅसिनोची प्रवेश फी वजा करा. बँक पुढं जाते. भांडवल पन्नास हजारांचं असेल आणि तरी हजाराच्या टेबलावर बसलात, तर फायद्याच्या बाजूनं असूनही एका वाईट संध्याकाळी संपाल.

आणि अजून कर आलेला नाही. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहे, वर सेस. त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही, खर्चही नाही. एका फेरीत नव्वद हजार जिंकले, पुढच्या फेरीत ऐंशी हजार हरले, तर हातात दहा आणि कर सत्तावीस. लाटांवर चालणाऱ्या धंद्याला हा नियम मारून टाकतो. अमेरिकेतली पुस्तकं आणि व्हिडिओ बघून तिथली गणितं इथं लावणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. त्याशिवाय जीएसटी. चिप्ससाठी दिलेल्या रकमेवर तो 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. कॅसिनो तो स्वतः सोसतो की तुमच्याकडून घेतो, हे खिडकीवर चिप्स घेण्याआधी विचारा. तुमच्याकडून घेत असेल तर जगातली कुठलीही मोजणी ते भरून काढणार नाही.

म्हणून दर महिन्याला पंधरा-वीस हजार सुटतील का, याला माझं उत्तर नाही असं आहे. परिस्थिती वेगळी असेल तर उत्तर बदलतं. उद्या नोकरीनिमित्त परदेशात अशा शहरात गेलात जिथं चांगल्या नियमांची टेबलं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, करात हार वजा होते आणि बाजूला टाकायला पैसे आहेत, तर छंद म्हणून ते पोटापुरतं नाही तरी खर्चापुरतं कमावून देऊ शकतं. वर्षातून एकदा मित्रांबरोबर गोव्याला जाणारच असाल तर निदान बेसिक स्ट्रॅटेजी शिकून जा. संध्याकाळच्या मजेची किंमत बरीच कमी होईल. ठरलेली रक्कम खिशात ठेवा आणि एटीएम कार्ड खोलीवर.

कायद्याचं थोडक्यात. गोव्यात वयाची अट 21 आहे, तुम्ही त्यात बसता. आपल्या राज्यात 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. इथं लागू आहे तो 1887 चा जुगारबंदी कायदा. त्यामुळे साताऱ्यात खोली घेऊन पोरांना जमवून पैशावर "सराव" करायचा विचार असेल तर तो सोडा.

मोबाईलवर पैसे लावून खेळायचं तर 2025 च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं बंदच केलंय. जे अजून चालू दिसतं ते बाहेरून चोरून चालतं, तिथं जिंकलेले पैसे मिळतील याची हमी कोण देणार? आणि सरावासाठी ते निरुपयोगीच, कारण बऱ्याच ठिकाणी संगणक प्रत्येक डावानंतर नव्यानं पिसतो. पैसे न लागणारं ॲप घ्यायचं तर शू संपेपर्यंत तीच पानं चालवणारं आणि मोजणी तपासणारं बघून घ्या. त्यापेक्षा दुकानातून एकाच पाठीचे सहा कॅट आणा, जोकर काढून टाका, आणि घरातल्या कुणालातरी डीलर करा. पैशाऐवजी शेंगदाणे लावा, पण प्रत्येक डावाची रक्कम, काउंट आणि निकाल वहीत लिहा. हजार डाव झाले की वही उघडून बघा, वरखाली म्हणजे काय ते तिथंच दिसेल.